मस्कत एका तासावर

आमचे जयरामकाका ओझरच्या विमान कारखान्यात होते. होते म्हणजे स्टोअरमध्ये होते. कुणी चिठ्ठी आणली की फळीवरून नटबोल्ट काढून द्यायचे आणि चिठ्ठी तारेत खोवून ठेवायची, एवढंच काम. पण देवळाली गावातल्या आमच्या वस्तीत विचारलं असतं तर लोकांनी सांगितलं असतं, सरकार विमानं बनवतं ते जयरामभाऊंना विचारून. वर घरघर ऐकू आली की काका अंगणात यायचे, कमरेवर हात ठेवून आभाळात बघायचे आणि म्हणायचे, "आपलंच हाय. टेस्टिंगला काढलंय." कधी ते कॅम्पातल्या तोफखान्याचं हेलिकॉप्टर असायचं. तरी ते आपलंच.

उथळ पाण्याला खळखळाट फार, दुसरं काय! काका चौथी शिकलेले, आणि ऐकणारे त्यांच्याहून शहाणे. कुणी प्रेसमध्ये शिपाई, कुणी रेल्वेत गँगमन. काकांनी हवेत हात फिरवून सांगायचं, "लढाऊ विमान ताशी दोन हजार किलोमीटरनं जातंय, डोळा मिटून उघडेस्तोवर मालेगाव," आणि त्यांनी आ वासून बसायचं. मी तिथून जाताना हसायचे. मोठ्यानं हसायचे, ऐकू गेलं तर जाऊ दे. मी नगरपालिकेच्या शाळेत सातवीला भूगोल शिकवत होते, आजही शिकवते. मूर्खपणा मला सहन होत नाही आणि ते माझ्या तोंडावर दिसतं. बायका मला समोर 'बाई' म्हणायच्या. पाठीमागं काय म्हणायच्या ते मला ठाऊक होतं आणि त्याची मला फिकीर नव्हती.

माझा भाऊ सहादू माझ्याहून आठ वर्षांनी लहान. वडील लवकर गेले, म्हणून त्याचं शिक्षण मी केलं, आणि माझं लग्न राहिलं ते राहिलंच. शिक्षण तरी कसलं, आयटीआय. वायरमन झाला, सातपूरला दोन-तीन कारखान्यांत राबला, आणि सत्त्याहत्तर साली मस्कतला गेला. आमच्या वस्तीतून विमानात बसलेला तो पहिला माणूस. त्याला पोचवायला काका रजा काढून मुंबईला सांताक्रूझच्या विमानतळावर गेले. परत आले ते पुढचे आठ दिवस दुसरं काही बोलेनात. काचेआडून बघितलेल्या विमानाबद्दल एक माणूस किती बोलू शकतो, ते मला तेव्हा कळलं.

पंधरा दिवसांनी सहादूचं पहिलं पत्र आलं. आईला वाचता येत नव्हतं, त्यामुळे पत्र मी वाचायचे. आई भिंतीला टेकून ऐकायची, आणि काका बोलावणं नसताना येऊन बसायचे. सहादूनं लिहिलं होतं, "विमान सकाळी बरोबर आठला सुटलं. वर चहा दिला, नाश्ता दिला. मस्कतला उतरलो तर तिथल्या मोठ्या घड्याळात नऊ वाजले होते."

काकांनी मांडीवर थाप मारली. "एक तास! म्हणत होतो का नव्हतो? लते, तुझा तो नकाशा काढ."

शाळेचा आशियाचा नकाशा तेव्हा मी घरी आणलेला होता. काकांनी तो जमिनीवर पसरला, आईच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला, एक टोक मुंबईवर धरलं, दुसरं मस्कतवर. मस्कत कुठं ते मी दाखवलं. नकाशाचं प्रमाण मी वाचून दिलं. दोरा मोजला तर पंधराशे-सोळाशे किलोमीटर भरले. "आता बघ," काका म्हणाले, "विमान जातंय ताशी दोन हजारानं. म्हंजे झाला पाऊण तास. वर चढायला आन खाली उतरायला पाव तास धर. किती झाले? हातच्या काकणाला आरसा कशाला!"

मी मनात गणित करून बघितलं. बरोबर होतं. काकांनी भागाकार बरोबर केला याचंच मला एवढं नवल वाटलं की मी पुढं काही बघितलं नाही.

त्या दिवसापासून आमच्या वस्तीत मस्कत एका तासावर आलं. काकांनी ते घरोघर पोचवलं. शेजारच्या झुंबरबाई आईला म्हणायच्या, "माझी लेक सिन्नरला दिलीय, तर एसटीची वाट बघण्यातच तास जातोय बाई. तुमचा सहादू तिच्यापरीस जवळ!" आई हसायची. तिला बरं वाटायचं. पोरगा हाकेच्या अंतरावर आहे असं तिला वाटायला लागलं, आणि ते तसं वाटायला लावणाऱ्या काकांचा तिला कधी राग आला नाही.

मला मात्र हे एका तासाचं प्रकरण वेगळंच लागलं. हा पोरगा एका तासावर बसलाय. पेठच्या डोंगरातला माणूस आजारी आईला भेटायला दोन दिवस पायपीट करून येतो, आणि आमचे साहेब एका तासावरून येत नाहीत! सहादू दर महिन्याला पत्र लिहायचा. दोन वर्षांचा करार आहे, पासपोर्ट मालकाच्या कपाटात असतो, सुटी मागितली तर शिव्या देतो. मी ते आईला वाचून दाखवायचे आणि कागद घडी करताना म्हणायचे, "निमित्तं आहेत झालं सगळी."

तसली माणसं मी बघितली होती ना. भगूरचा एक जण दुबईहून आला होता. एप्रिलच्या उन्हात कोट, डोळ्यावर काळा चष्मा, खांद्यावर टेपरेकॉर्डर लावून भर बाजारातून हिंडायचा. सख्ख्या बापाला हात जोडायचे ते एका हातानं, कारण दुसऱ्या हातात टेप. आपलाही त्याच वळणावर जाणार, असं मी ठरवून टाकलं. सहादूनं तसं काहीएक केलं नव्हतं. पण मी ठरवलं की ठरवलं.

आणि इकडं आईनं अंथरूण धरलं होतं, तिचं सगळं मी करायचे. सकाळी पाचला उठून तिचं अंग पुसायचं, पेज करायची, औषध द्यायचं, मग शाळा, मग परत तेच. आई गरम पेजेचा घोट घ्यायची आणि म्हणायची, "सहादू जेवला असंल का गं?" राग यायचा मला. खोटं कशाला सांगू? जो उशाशी बसतो त्याचं नाव नाही, आणि जो नाही त्याच्या नावानं दिवस उगवायचा आणि मावळायचा. तिला कधी बोलले नाही. सगळा राग मी त्याच्या नावावर चढवत गेले.

एकोणऐंशीच्या एप्रिलात आईच्या पोटात पाणी झालं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, घरी न्या, आता दिवसांचंच काम आहे. मी शनिवारी नाशिकरोडला जाऊन मस्कतला तार केली. सोमवारी दुपारी उत्तर आलं, 'मंगळवारी सकाळी दहाच्या विमानाने निघतो.' मी ते वाचून दाखवलं. आईचे डोळे मिटलेले होते, पण ऐकलं तिनं.

"लते," ती म्हणाली, "मधीच माझं काय झालं तर सहादू आल्याबिगर मला हलवू देऊ नको. त्यानं माझं तोंड बघितलं पाहिजे. नाहीतर जलमभर जळत राहील तो. शब्द दे मला."

"दिला," मी म्हणाले. "आणि काही होत नाही तुला."

काका तिथंच पायांशी बसले होते. तिनं त्यांच्याकडं शब्द मागितला नाही, माझ्याकडं मागितला.

मंगळवारी सकाळी सात वाजता आई गेली.

माणसं जमली. बाहेर मांडव नाही, आतच खोलीत आईला खाली घेतलं, पांढरं लुगडं नेसवलं. बर्फाच्या लाद्या आणल्या, भुसा झटकून दोन्ही बाजूंनी लावल्या. ऊन असं की नऊ वाजताच पत्रा तापला. आमचे बौद्धाचार्य कोंडाजी आले, उशाशी मेणबत्ती लावून बसले. काकांनी खिशातून स्टोअरची एक जुनी चिठ्ठी काढली आणि तिच्या पाठीवर पेन्सिलीनं मांडणी केली. रडत होते आणि मांडत होते. मला ते बघून चीड आली. ही काय वेळ आहे अक्कल दाखवायची?

"दहाला निघाला," काका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अकराला सांताक्रूझला उतरला. परदेशातून आलेल्याची झडती घेतात, त्याला एक तास. बाराला बाहेर. टॅक्सी केली की घाटासकट साडेचार तास. म्हंजे साडेचारला, फार तर पाचला. पाचला सहादू दारात."

सगळ्यांनी माना डोलावल्या. कोंडाजींनी माझ्याकडं बघितलं. "बाई, बरोबर आहे का?"

मी तारेचा कागद बघितला, चिठ्ठी बघितली. "बरोबर आहे," मी म्हणाले.

तीन वाजल्यापासून सगळे रस्त्याकडं कान लावून बसले. चारला काका उठले आणि सायकल काढून नाशकातल्या द्वारका नाक्यावर गेले. मुंबईची टॅक्सी तिथूनच वळणार, त्याला वाटेतच धरतो म्हणाले. साठीला टेकलेला माणूस, डोक्याला टॉवेल बांधून त्या उन्हात प्रत्येक काळी-पिवळी टॅक्सी हात करून थांबवत होता, असं मागाहून कुणीतरी सांगितलं. साडेपाचला परत आले तेव्हा तोंड लाल झालं होतं. "नाय आला," म्हणाले आणि उंबऱ्यावरच बसले.

आत बर्फ वितळून पाण्याचे ओघळ दारापर्यंत आले होते. शेवटच्या लाद्या हातभर उरल्या होत्या. बायका सकाळपासून उपाशी होत्या, पोरं रडत होती, रात्रपाळीला जाणारे दोघं-तिघं कुजबुजत उभे होते. सहा वाजायला आले. आईच्या तोंडावर माशी बसली ती मी हाकलली, परत बसली, परत हाकलली. मला त्या माशीचा राग यावा की भावाचा, कळेना.

काका जवळ आले. "लते, विमानात बसला असता तर आतापावेतो यायलाच पाहिजे होता. हिशोब तर पक्का हाय." मग खालच्या आवाजात म्हणाले, "तरी पण थांबावं का गं? काय असंल नसंल. गाडी बिघडली असंल."

कोंडाजी म्हणाले, "बाई, आपल्यात घटका नाही, मुहूर्त नाही. दिवस मावळल्यावरही नेता येतं. थांबायचं तर थांबू. मी आणखी बर्फ मागवतो."

सगळे माझ्याकडं बघत होते. त्या वस्तीत शेवटचा शब्द माझाच असायचा. मीच तशी सवय लावली होती.

"कुणासाठी थांबायचं?" मी म्हणाले. "एका तासावर राहून जो दोन वर्षांत आला नाही, तो आज येतोय होय! पाठवेल आता एखादा टेपरेकॉर्डर. त्यात आपलं रडणं भरून पाठवेल, ते बसा सगळे ऐकत. उचला तिला."

झुंबरबाईंनी पदर तोंडाला लावला. कोंडाजींनी त्रिसरण म्हणायला सुरुवात केली, आणि चौघांनी आईला खांद्यावर घेतलं. वालदेवी नदीच्या काठापर्यंत मी बरोबर गेले. अग्नी काकांनी दिला. मी रडले नाही. मला भावाचा इतका संताप आला होता की रडायला जागाच नव्हती.

परत येऊन हातपाय धुतले. झुंबरबाईंनी पिठलं-भाकरी आणून ठेवली, कुणी हात लावला नाही. आठ वाजून गेले असतील. गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबल्याचा आवाज आला, दार आपटलं, आणि कुणीतरी पळत यायला लागलं.

सहादू होता. कोट नाही, चष्मा नाही, टेप नाही. पायात साधी चप्पल, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, हातात कापडी बॅग आणि तीही रिकामीच म्हणावी अशी. दाढी वाढलेली. दोन वर्षांत पोरगा अर्धा झाला होता. तो सरळ आत घुसला. खोलीच्या मधोमध ओली फरशी होती आणि भिंतीशी भुशाचे गोळे पडले होते. त्यानं ते बघितलं, मग एकेका तोंडाकडं बघितलं.

"किती वाजता?" त्यानं विचारलं.

"सहाला उचलली," कोंडाजी म्हणाले.

"सहाला मी कसाऱ्याच्या घाटात होतो," सहादू म्हणाला, आणि बॅग त्याच्या हातातून खाली पडली.

काका पुढं झाले. "अरे पण तुला पाचलाच यायला पाहिजे होतं! अकराला उतरलास, मग एवढा वेळ कुठं होतास तू?"

"अकराला? विमान दोनला उतरलं, काका. तीनला बाहेर पडलो. दादरच्या टॅक्सी स्टँडवरसुद्धा गेलो नाही, तिथंच अख्खी गाडी केली आणि निघालो. वाटेत पाण्यालाही थांबलो नाही."

"दोनला? दहाचं विमान चार तास उडत होतं व्हय रे?" काकांनी त्याचं मनगट धरलं, तिथलं घड्याळ बघितलं. "बघ, तुझं घड्याळसुद्धा बंद पडलंय. साडेसहा दावतंय."

"बंद नाही. मस्कतचं आहे ते, बदलायला सुचलंच नाही. तिथं आत्ता साडेसहाच वाजलेत. आपल्यापेक्षा दीड तास मागं असतं तिथं."

काका तोंडाकडं बघत राहिले. त्यांना ते कळलं नाही. मला कळलं. मला पुरतं कळलं. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंशांवरची, त्यांची साठ अंशांवरची. साडेबावीस अंशांचा फरक, दर अंशाला चार मिनिटं. नव्वद मिनिटं. दरवर्षी जूनमध्ये सातवीच्या पोरांकडून मी हे घोकून घ्यायचे, आणि ज्याला यायचं नाही त्याला बाकावर उभं करायचे. आठला सुटलेलं विमान इथल्या साडेदहाला तिथं पोचलं, तेव्हा तिथल्या घड्याळात नऊ होते. लागले होते अडीच तास. आणि तिथले दहा म्हणजे इथले साडेअकरा. वर आणि प्रवासी विमान लढाऊ विमानाच्या वेगानं जात नाही, हे तर शेंबड्या पोरालाही सुचायला हवं होतं. नकाशाचं प्रमाण वाचून दिलं मी, बरोबर आहे म्हणाले मी.

"म्हंजे एक तास नाय?" काका म्हणाले.

"अडीच तास लागतात. पहिल्या दिवशी मलाही तसंच वाटलं होतं. नंतर मला कळलं, पण पत्रात लिहायचं राहून गेलं. तुम्ही त्यावर..."

काकांनी दोन्ही हातांनी कपाळ बडवलं आणि ते खालीच बसले. "माझ्या हिशोबानं घात केला रे! मी चिठ्ठी मांडली. मला मेल्याला काय कळतंय विमानातलं? नटबोल्ट देणारा माणूस मी. माझ्यामुळं तुला आईचं तोंड दिसलं नाय." त्यांनी सहादूचे पाय धरले. आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसानं आपल्याला काही कळत नाही असं म्हटलं होतं.

खरं सांगते, मला त्या वेळी बरं वाटलं. दोष घ्यायला काका स्वतःहून तयार झाले होते. मी गप्प राहिले असते तर भागलं असतं, आणि मी गप्पच राहिले. ज्याला मी जन्मभर मूर्ख म्हणत आले, तो सगळ्यांसमोर पाय धरून रडत होता आणि मी शहाणी भिंतीला टेकून उभी होते.

सहादूनं काकांना उठवलं. पण झुंबरबाईंना राहवेना. "जयरामभाऊ तर थांबायचं म्हणत होते रे," त्या म्हणाल्या. "हे कोंडाजीबी बर्फ मागवतो म्हणले."

"मग?" सहादूनं विचारलं.

सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या.

"मी म्हणाले, उचला," मी म्हणाले.

"आईनं काही सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतं. तू आल्याशिवाय हलवू देऊ नको म्हणाली होती."

"कुणाला सांगितलं होतं?"

"मला."

तो माझ्याकडं बघत राहिला. मला वाटलं आता ओरडेल, आणि ओरडला असता तर मीही ओरडले असते. तू दोन वर्षं कुठं होतास, म्हणून विचारलं असतं. तयारच होते मी. पण त्यानं आवाज चढवला नाही.

"तार मिळाली त्या दिवशी पासपोर्टसाठी मी मालकाच्या दारात रात्रभर बसून होतो, ताई," तो म्हणाला. "सकाळी त्याच्या बायकोला दया आली, तेव्हा कपाट उघडलं." मग म्हणाला, "काकांना माझं विमान किती वाजता उतरतं ते माहीत नव्हतं. चुकले ते. पण तुला मी माहीत होतो ना?"

त्यानं उत्तराची वाट बघितली. उगाच नाही, खरोखर बघितली. मी त्या दोन वर्षांतलं एक तरी कारण शोधत होते. एखादं पत्र चुकवलेलं, एखादा उर्मट शब्द, आईला विसरल्याची एखादी खूण. अख्ख्या वस्तीला ज्याच्या-त्याच्या लायकीप्रमाणं शब्द वाटणारी मी, आणि मला एक कारण सापडेना.

"काका," सहादू म्हणाला, "कुठं नेलं ते मला दाखवा."

काकांनी डोळे पुसले, खुंटीवरचा कंदील घेतला आणि पुढं झाले. सहादूनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. कोंडाजी निघाले, झुंबरबाई निघाल्या, दारातली माणसं एकेक करून त्यांच्यामागं वालदेवीच्या वाटेला लागली. मी पायात चप्पल घालून उभी होते. मला कुणी चल म्हणालं नाही.